बाबांचं वाक्य पुरं होईपर्यंत

मी पहिल्यापासून घाईची. समोरचा बोलायला लागला की त्याचं वाक्य मीच पुरं करून टाकते. ऑफिसात दिवसभर लोकांच्या तक्रारींचे फोन घेताना ही सवय कामाला येते. घरी मात्र सगळ्यांना तिचा वैताग. बाबांना स्ट्रोक आला आणि ती सवय थेट त्यांच्या वाट्याला आली.

त्या सकाळी दाढी करताना त्यांनी आईकडे टॉवेल मागितला. तोंडातून जे आलं त्यात टॉवेल नव्हता, ओळखीचा कुठलाच शब्द नव्हता. आईला आधी वाटलं, थट्टा करतायत. मग रेझर हातातून पडला. हॉस्पिटलातून वर्तकनगरच्या घरी आले तेव्हा उजवा हात लुळा होता, पाय ओढत का होईना चालत होता, आणि बोलण्यात जेमतेम एक शब्द उरला होता : ‘उद्या’.

“चहा देऊ?” “उद्या.”

“कुठे दुखतंय का?” “उद्या, उद्या.”

डॉक्टर म्हणाले, “याला अफेजिया म्हणतात. त्यांना बरंचसं समजतंय. काय सांगायचंय तेही डोक्यात आहे. शब्द सापडत नाहीत.” वागळे इस्टेटच्या कारखान्यात उभा जन्म लेथ मशीनवर काढलेला, युनियनच्या सभेत माईक बाजूला सारून बोलणारा हा माणूस.

मी रजा टाकून डोंबिवलीहून आईकडे राहायला आले. शेजारचे काका दारात येऊन “जयभीम” म्हणायचे, आणि बाबा खणखणीत “जयभीम” म्हणायचे. काका खूश. “अरे, हे तर ठणठणीत आहेत!” मला राग यायचा. त्यांना अख्खा शब्द आणि मला उद्या? स्पीच थेरपिस्टने समजावलं की वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं, म्हणजे नमस्कार, अंक, वंदना, असं कधीकधी आपोआप येतं. ठरवून बोलायला गेलं की अडतं. मला पटलं, पण राग काही गेला नाही.

थेरपिस्ट माझ्याहून बरीच लहान होती. आठवड्यातून दोनदा आम्ही तिच्या सेंटरवर जायचो, घरापासून पायी पंधरा मिनिटं, बाबांच्या चालीने अर्धा तास. पहिल्याच दिवशी तिने कंगव्याचं चित्र पुढे ठेवलं. बाबा बघत राहिले.

“कं... कं...” मी सुरू झाले.

“ताई, तुम्ही नका सांगू.”

बाबांनी ओठ जुळवले, सोडले, परत जुळवले.

“बाबा, केस विंचरतो ना आपण, ते...”

“ताई,” ती शांतपणे म्हणाली, “प्रश्न विचारून झाला की मनात दहापर्यंत मोजा. मग वाटलं तर पहिलं अक्षर द्या.”

मी चारपर्यंत पोचले आणि “कंगवा!” म्हणून मोकळी झाले. तिने मला बाहेरच्या बाकावर बसवलं. दाराच्या काचेतून दिसत होतं : ती हात मांडीवर ठेवून बाबांकडे बघत होती, घड्याळाकडे नाही. मला त्या बाकावर पाच मिनिटंही बसवेना. मी उठले, पाणी प्यायले, नोटीस बोर्ड वाचला, परत बसले.

घरी तिने दिलेला सराव मी घ्यायचे, आणि तोही असाच, धावत. आई म्हणायची, “अगं, त्यांना श्वास तरी घेऊ दे.”

एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बाबांना काहीतरी सांगायचं होतं. डाव्या हाताने हवेत गोल काढत ते म्हणत होते, “उद्या... उद्या...”

“पंखा? पंखा वाढवू?” त्यांनी मान हलवली, नाही. “चष्मा? घड्याळ? ताट? गोळी घ्यायची राहिली?” आईनेही दोन-तीन गोष्टी विचारून बघितल्या. नाही, नाही. गोल मोठा होत गेला, आवाज चढत गेला, आणि त्यांनी टेबलावर जोरात हात आपटला.

“बस्स झालं, बाबा! नाही कळत मला!” मी ओरडले.

मी फोन घेऊन बेडरूममध्ये गेले, आई गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. बाहेर आले तर खुर्ची रिकामी, दार उघडं, चपला नाहीत.

मी कॉलनीभर पळाले. वाण्याकडे विचारलं, बसस्टॉपवर बघितलं. एकच विचार डोक्यात फिरत होता : कुणी नाव विचारलं तर हे काय सांगणार? पत्ता विचारला तर? तेवढ्यात फोन वाजला. सेंटरचा वॉचमन होता. बाबांच्या खिशातल्या कार्डावर माझा नंबर होता.

“बाबा इथे बसलेत. मी सांगितलं, रविवारी बंद असतं, तर उठायलाच तयार नाहीत.”

ते बंद शटरसमोरच्या पायरीवर बसले होते, घामाने शर्ट भिजलेला. रस्ता ओलांडून एकटे आले होते. माझ्याजवळून उठून, त्यांचं ऐकून घेणाऱ्या त्या एका मुलीकडे. हे लक्षात आलं आणि मला त्यांच्याकडे बघवेना. मी शेजारी बसले. घरी चला म्हणणार होते, तेवढ्यात त्यांनी डावा हात उचलला आणि तोच गोल काढायला लागले.

“बाबा, ते...”

“थांब,” बाबा म्हणाले.

स्पष्ट. ठरवून. मी थांबले. दहापर्यंत मोजलं, मग परत दहा. रिक्षा गेल्या, वॉचमन त्याच्या खुर्चीवर जाऊन बसला. माझ्या जिभेवर वीस शब्द होते आणि मी ते गिळत होते. त्यांचा शब्द काही आला नाही. शेवटी त्यांनीच हात खाली घेतला, माझ्या खांद्यावर टेकला आणि उठले. तो गोल कशाचा होता, आम्हाला अजून माहीत नाही. नंतर विचारलं तर त्यांनाही आठवत नव्हतं.

या गोष्टीला दोन वर्षं होत आली. थेरपी चालू आहे. शब्द आले, सगळे नाही. कधी आईला ‘ताई’ म्हणतात, आई रागावते, मग दोघं हसतात. मी रोज संध्याकाळी डोंबिवलीहून फोन करते. फोनवर त्यांना जास्त अवघड जातं, चेहरा दिसत नाही ना. काल माझ्या मुलीने माझ्या हातातला मुका फोन बघून विचारलं, “अगं आई, कट झालाय का?”

“नाही, आजोबा आहेत,” मी हळूच म्हटलं, आणि स्वयंपाकघरात येरझारा घालत राहिले.

बऱ्याच वेळाने पलीकडून आवाज आला, “भाजी... कुठली?”

“दोडका.”

मी ओटा पुसला, डबे सरळ लावले.

“नको,” बाबा म्हणाले.