मशीनची खोली मी बंद केली

"अरे बघ ना, मरतील सगळे!" मी नवऱ्याला ओरडले. मोबाईलवरच्या गेममध्ये मी जमिनीखाली वस्ती बांधलेली आणि तिथलं हवा बनवणारं मशीनच तापून लाल झालेलं. आमच्या कांजूरमार्गला कचऱ्याच्या डम्पिंगचा वास आला की मी आधी खिडक्या लावते, घरात बाळ आहे ना. तिथेपण तसंच केलं. मशीनचा घाण गॅस माणसांकडे जाऊ नये म्हणून ती खोली सगळीकडून बंद केली, तर गरमी आतच कोंडली.

नवरा हसला, "भिंत फोड की गं, येडे!"

फोडली तर गॅस झोपलेल्या माणसांवर जाणार, नाही फोडली तर मशीन जळून हवाच संपणार. नुसती चित्रं होती ती, तरी माझ्याने बटण दाबवेना. शेवटी फोडली मी. तुम्ही काय केलं असतं?