‘फाइन’ न म्हणणारी सुमन

सुमन गेल्याचं मला तिच्या भावानं फोनवर सांगितलं. परभणीच्या बसस्थानकावर भोवळ येऊन पडली, लोकांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, दुपार व्हायच्या आत सगळं संपलं. फोन खाली ठेवते न ठेवते तोच शाळेच्या ग्रुपवर मुख्याध्यापकांचा मजकूर आला... ‘आमच्या लाडक्या, सदैव हसतमुख मॅडम’. खाली जोडलेल्या हातांची रांग. दीड महिना झाला, तो मजकूर आठवला की अजूनही तळपायाची आग मस्तकात जाते.

सुमन गडदे ताडकळसकडच्या आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायची, मी मराठी. मी वयानं मोठी, म्हणून मला अक्का म्हणायची. तिचे वडील राणीसावरगावच्या माळावर मेंढरं राखतात. लहानपणी त्यांना भाकरी पोचवून तिला शाळेत जायला उशीर झाला की सर ‘फाइन’ लावायचे. फाइन म्हणजे दंड, एवढंच तिला ठाऊक. पुढं एका धड्यात ‘फाइन’ कापड आलं, म्हणजे तलम. मग ‘आय ॲम फाइन’ आलं, म्हणजे मी छान आहे. दंडाचा आणि छान असण्याचा शब्द एकच कसा, हे तिच्या डोक्यातून जाईना. कॉलेजात गेल्यावर तिनं मोठा कोश काढून मूळ शोधलं. ते लॅटिन निघालं आणि त्याचा अर्थ निघाला ‘शेवट’. दंड भरला की तंटा शेवटाला जातो, म्हणून तो फाइन. काम शेवटापर्यंत नेलं, काही उणं ठेवलं नाही, तर ते उत्तम, म्हणून तेही फाइन. आणि असं निगुतीचं काम नाजूक असतं, म्हणून तलम सूतही फाइन. हे मला सांगताना ती इतकी खुलली होती, की पुढ्यातला चहा निवून गेला तरी तिला भान नव्हतं.

आपल्याकडं पोरं पहिलीपासून एका सुरात ओरडतात, ‘फाइन, थँक यू’. अंगात ताप असो, घरात रडारड असो, फाइनच. सुमनला याची चीड होती. ती वर्गाला सांगायची, दुखणं शेवटाला गेलं असेल तरच फाइन म्हणा, नाहीतर काय होतंय ते सांगा, मोडक्या इंग्रजीत सांगा. पोरं सांगायला लागली. कुणाची दाढ दुखायची, कुणाची शेळी मेलेली असायची. तेवढ्यासाठी ती शब्द पुरवायची, आणि खरं सांगता सांगता पोरांना इंग्रजी यायला लागलं.

मग तपासणीला एक साहेब आले. सातवीच्या वर्गात उभं राहून त्यांनी ‘हाऊ आर यू’ विचारलं. मुक्ता नावाची मुलगी उठली आणि म्हणाली, “आय ॲम नॉट फाइन, सर.” पुढचं इंग्रजी तिला सुचेना, तेव्हा मराठीत म्हणाली, “संडासात पानी न्हाई. आमी पोरी घरी जातोत, मग तास बुडायलाय.”

साहेब हसले. पण मुख्याध्यापकांच्या खोलीचं दार लागलं ते बराच वेळ उघडलं नाही. पोरीला पढवून शाळेची अब्रू काढली, असा ठपका सुमनवर आला. तिनं माफी लिहून द्यावी असं सांगण्यात आलं. तिनं दिली नाही. महिन्याभरात तिला बदली करून पेडगावच्याही पलीकडं पाठवलं, रोज एका गाडीनं परभणी आणि तिथून दुसरी. मुक्ताची आई चार बायका घेऊन ग्रामपंचायतीत जाऊन बसली, तेव्हा कुठं नळाला पाणी आलं. त्या नळाला हार घालायला मात्र तेच साहेब हजर!

पावसाळ्यानंतर सुमनला दम लागायला लागला. पाय सुजायचे. जवळच्या शाळेत तरी घ्या, म्हणून ती दोनदा कचेरीत गेली. तिथं बसलेल्या माणसानं तिला वरून खाली पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम, तुम्ही तर एकदम फाइन दिसता.” हे तिनं मला फोनवर सांगितलं. मला वाटलं हसेल. ती हसली नाही. ती गेल्यावर डॉक्टर म्हणाले, हृदय बऱ्याच महिन्यांपासून थकलेलं होतं.

शाळेत शोकसभा झाली. मॅडमनी कधी कशाची तक्रार केली नाही, असं मुख्याध्यापक बोलले. मी उठले. “ती तक्रार करायची,” मी म्हणाले. “म्हणूनच तुम्ही तिला तिकडं पाठवलं.” सगळे दोन मिनिटं उभे राहिले आणि चहाला गेले. मी चहा न घेता निघाले.

परवा राणीसावरगावला तिच्या वडिलांना भेटून आले. घरात एकच बाज, बाजेच्या उशाशी काळं घोंगडं घडी घालून ठेवलेलं. सुट्टीत सुमन त्याच बाजेवर तेच पांघरून निजायची. देवाची मर्जी, असं काहीतरी पुटपुटले.

“सगळे तेच म्हनायलेत,” म्हातारा म्हणाला. “बदली काय देवानं केली व्हती?”

मी मान खाली घालून बाजेवर टेकायला गेले, तर त्यानं हात आडवा केला. “तिथं नगा, बाई.” त्यानं घोंगड्यावरची धूळ झटकली, घडी होती तशी सारखी केली आणि माझ्यासाठी खाली पोतं अंथरलं.