ओवलेली शेवटची सुई

आज उशीची खोळ शिवायला सुयांचा डबा उघडला, तर ओवलेली एकच सुई उरली होती, पांढऱ्या दोऱ्याची.

ईरा, मे महिन्यात तू इथे होतीस तेव्हा रोज दुपारी टॅबवर बंदुकीचा खेळ खेळायचीस. "मर ना एकदाचा," असं तुझ्या तोंडून ऐकलं की मी हातातलं शिवण थांबवून तुझ्याकडे बघायचे. अशा खेळांनी मुलं निर्दय होतात, असं सांगणारा एक लेख मी तुझ्या आईसाठी कापूनही ठेवला होता.

एकदा मला सुई ओवता येईना. तू मान वर न करता म्हणालीस, "आजी, दोन मिनिटं. एवढ्या तिघांना मारते आणि येते." आलीस, सुई ओवून दिलीस आणि म्हणालीस, "मी गेल्यावर काय करशील गं?" मग डब्यातल्या सगळ्या सुया निरनिराळ्या रंगांच्या दोऱ्यांनी ओवून ठेवल्यास.

तो लेख खोटा असेल असं मी म्हणणार नाही. पण लिहिणाऱ्याच्या घरी तू सुट्टीला राहिली नव्हतीस. कात्रण मी तुझ्या आईला दाखवलं नाही.

शेवटची सुई पुन्हा डब्यात ठेवली आहे. खोळ शिंप्याकडे दिली.