इंदूबाईचं बोटांचं माप

नागपूरच्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात, पोटाच्या ऑपरेशनांच्या वार्डात, इंदूबाई लोणारे अठरा वर्षं आया होती. त्या अठरा वर्षांत तिला पसंत पडलेला माणूस एकही नव्हता. डॉक्टर पुस्तकी, नर्सा नखरेल, रोगी रडके. आणि रोग्यांचे नातेवाईक तर तिच्या हिशेबी माणसांत जमाच नव्हते. आतड्याचा कॅन्सर पार लिव्हरपर्यंत गेलेला बाप खाटेवर पडलेला, आणि पोरगा व्हरांड्यात इंदूबाईला गाठून हळूच विचारणार, अजून किती दिवस? तोंडावर काळजी असायची. पण मागचं तिला स्वच्छ दिसायचं. कुणाला सुतक लागायच्या आत मेव्हणीचं लग्न उरकायचं असे, कुणाला फक्त एवढंच हवं असे की रोज डबा घेऊन यायची कटकट संपणार कधी.

तरी ती सांगायची, आणि तिचं बरोबर निघायचं. तेच तर दुखणं होतं. मोठे डॉक्टर 'सहा महिने' म्हणत, कारण सहा महिने म्हणायला काही लागत नाही. इंदूबाई म्हणे 'पोळ्यापर्यंत', आणि रोगी पोळ्याच्या आसपासच जाई. इतवारीच्या दुकानदारांपासून मौद्याच्या पाटलांपर्यंत सगळे तिला शोधत यायचे. लांबून पाणी ओतणारे आणि तिचा पदर लागला तर अंग चोरणारेही त्यात असत. तेव्हा मात्र 'इंदूबाई, बसा ना जी' असं तोंडातून गोड निघायचं. ती बसायची नाही. उभ्याउभ्या आकडा सांगून फडका मारायला निघून जायची.

तिची पद्धत साधी होती. रोगी आपल्या पायानं संडासला जातो की भांडं मागतो, हे पहिलं. दुसरं, शेजारच्या खाटेशी भांडतो की नाही. जो भांडतो त्याला अजून अवकाश आहे, आणि जो 'ठीक आहे, ठीक आहे' म्हणायला लागला त्याच्या घरच्यांना निरोप धाडावा. तिसरं माप करदोड्याचं. पुरुषाच्या कमरेला काळा दोरा असतोच. छप्पन साली धम्मदीक्षा घेतल्यावर तिच्या बापानं घरातले देव गाठोडं बांधून नाल्यात सोडले, पण करदोडा कमरेवर राहिला, कारण लंगोट खोचायचा कशात? रोग्याचं अंग पुसताना इंदूबाई त्या दोऱ्यात बोटं घालून पाही. दोन बोटं गेली तर वर्ष. चार गेली तर तीन महिने. मूठ गेली की संपलं.

सगळ्यात जास्त ती हसायची ते करदोडा घट्ट झाला म्हणून आनंदणाऱ्यांना. पोटात पाणी भरायला लागतं, पोट वर येतं, दोरा कमरेत रुततो, आणि घरचे म्हणतात, अंगी लागलं बाप्पा, दवाखान्याचं अन्न मानवलं! पेढे वाटलेले लोक तिनं पाहिले होते. एवढंही कळत नाही का, की पोटाखालचे पाय काड्या झाले आहेत आणि कानशिलं आत गेली आहेत? अशा अडाण्यांची तिला कीवसुद्धा येत नसे.

त्याच वार्डात मधुसूदन बक्षी नावाचा तरुण डॉक्टर होता. चष्मा, पातळ आवाज, आणि बगलेत कायम एक जाडी वही. आतड्याच्या कॅन्सरचे शेवटच्या टप्प्यातले रोगी किती जगतील, हे आधी कशावरून सांगता येईल, याचा तो तपास करत होता. वजन, रक्ताचे रिपोर्ट, डोळ्यांतला पिवळेपणा, पोटातलं पाणी, दिवसातून किती वेळ खाटेवर, सगळं रकान्यात भरायचा. आणि इंदूबाईलाही विचारायचा, नम्रपणे, वही उघडी धरून. तिनं सांगितलेली संडासची आणि भांडणाची गोष्टही त्यानं एका रकान्यात घातली. ती स्वयंपाकघरातल्या बायांना सांगे, चार वर्षं कॉलेजात घातली अन् शेवटी आयेपाशी शिकून राहिला. वहीत लिहिल्यानं कुणाला अक्कल येते का?

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात तिचा धाकटा भाऊ बळीराम याच वार्डात आला. इतवारीच्या धान्याच्या ठोक बाजारात पोती वाहणारा, मानेवर घट्टा पडलेला दांडगा गडी. गुदाशयाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, संडासची वाट पोटावर काढून दिली, पण लिव्हरमध्ये गाठी सापडल्या. इंदूबाईनं त्याची खाट खिडकीपाशी घेतली आणि त्याचं सगळं आपल्या हातानं केलं. तो तिला 'बाई' म्हणे.

प्रश्न होता रविंद्रचा. बळीरामचा एकुलता एक पोरगा फौजेत होता, पार आसामच्या टोकाला. त्या वर्षी त्याची वीसच दिवसांची सुट्टी उरली होती, आणि तिथून यायला चार दिवस, जायला चार. फार लवकर बोलावलं तर सुट्टी संपून परत जाईल आणि बाप मागे मरेल. उशिरा बोलावलं तर भेटच नाही. तार कधी करायची? बळीरामची बायको अंजनाबाई भोळी होती. तिनं हा प्रश्न डॉक्टरला विचारलाच नाही, नणंदेला विचारला. एवढी जाणती घरात असताना डॉक्टरला कोण विचारतो?

इंदूबाईनं सांगितलं, दसऱ्याला. रवी दसऱ्याला आला की बापाला रिक्षात घालून दीक्षाभूमीवर नेईल, दरवर्षी जातात तसं. मग दिवाळीपर्यंत काही काळजी नाही.

ऑगस्टच्या मध्यावर डॉक्टर बक्षीनं तिला व्हरांड्यात थांबवलं. वही उघडली नव्हती.

"इंदूबाई, मुलाला आता बोलवा. फार तर चार आठवडे."

ती हसली. तोंडावर हसली. म्हणाली, डाक्टरसाहेब, तुमची वही माह्या भावाले ओळखत नाही. बक्षीनं पोटात पाणी आहे म्हणून सांगितलं, डोळे पिवळे होताहेत म्हणून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं नाही. काल जन्मलेलं पोर, हे मला शिकवणार! त्या दिवशी तिनं स्वयंपाकघरात त्याच्या पातळ आवाजाची नक्कलही करून दाखवली, आणि बाया पोट धरून हसल्या.

त्यानंतर रोज सकाळी अंग पुसताना ती बळीरामचा करदोडा पाही. बोट जाईना. ती गाठ सोडून सैल बांधे, रुतू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी पुन्हा घट्ट. पुन्हा सैल. एकदा तिनं अंजनाबाईला बोलावून दाखवलंसुद्धा, हे पाह्य वं, भरून राहिला तो. अंजनाबाईनं डोळ्याला पदर लावला, आनंदानं. त्या वेळी बळीरामचे पाय चादरीखाली होते आणि इंदूबाईनं ती चादर दूर केली नाही. तो लघवीला भांडं मागायला लागला होता. ते ती स्वतः नेऊन देई आणि म्हणे, कशाले उठतं, मी हाये ना. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा रात्रभर रेडिओ लावे, पण बळीराम त्याला एक शब्द बोलत नव्हता. ठीक आहे म्हणे, वाजू द्या.

दुसऱ्या कुणाचा भाऊ असता तर तिनं चालताचालता आकडा फेकला असता आणि त्या घरच्यांना मनात चार शिव्या हासडल्या असत्या. एवढंही दिसत नाही का रे, म्हणाली असती.

सप्टेंबरच्या तेरा तारखेला, दुपारी, बळीराम गेला. दसऱ्याला तीन आठवडे होते. बक्षी डॉक्टर येऊन उभा राहिला, नाडी पाहिली. एखादा शब्द बोलला असता तर तिनं त्याला तिथल्या तिथं फाडला असता. तो चादर नीट करून पुढच्या खाटेकडं गेला.

तार मरणाची गेली. रविंद्र पोचला तेव्हा पाच दिवस झाले होते. बिस्तरा दाराशी ठेवून तो आईपाशी बसला. पाचपावलीतल्या त्यांच्या खोलीत शेजारपाजारचे होते, ते एकेक करून उठले. मग त्यानं विचारलं, आधी काहून नाही कळवलं?

अंजनाबाईनं एकदा नणंदेकडं पाहिलं. मग म्हणाली, "डाक्टरनंच सहा महिने सांगतले होते बाबू. कोण काय करन?"

रविंद्रच्या तोंडून त्या डॉक्टरच्या नावानं जी शिवी निघाली, ती इंदूबाईच्या ठेवणीतलीच होती. ती नुसती गप्प बसली असती तरी भागलं असतं. वहिनीनं झाकलं होतं, डॉक्टर इथं येणार नव्हता, आणि डॉक्टर लोक मूर्ख असतात हे तर ती अठरा वर्षं सांगत आली होती. कुणालाही पटलं असतं.

"खोटं हाये ते," ती म्हणाली. "डाक्टरनं चार हप्तेच सांगतले होते. बराबर सांगतलं त्यानं. म्या त्याले हसली. तुह्या मायले तार म्याच करू नाही देल्ली."

अंजनाबाई 'बाई, बाई' करत राहिली. रविंद्र आत्याकडं पाहत होता. ती त्याच्या शिवीची वाट पाहत बसली. तिला ती हवी होती.

"बाबा मले विचारत होते?" त्यानं विचारलं.

"रोज."

"तुम्ही काय सांगत होत्या?"

"रवी दसऱ्याले येते म्हणो."

"मंग?"

इंदूबाईनं पदरानं तोंड पुसलं, आणि जसं घडलं तसं सांगितलं.

"मंग म्हणे, बाईनं सांगतलं ना, मंग दसऱ्यापर्यंत मी हावोच."

रविंद्र उठून बाहेर गेला आणि गल्लीच्या नळापाशी उभा राहिला. जायचे चार दिवस सोडले तरी त्याच्या सुट्टीचे अजून बारा दिवस शिल्लक होते.