निकम सरांचा रूळ

जळगावला आमच्या पतपेढीत फोन वाजला तेव्हा मी एका बाईंना जामीनदार म्हणजे काय ते समजावत होते. फोनवर माझा भाऊ प्रकाश, धुळ्याहून. "शोभा, निकम सर गेले… आज सकाळी," एवढंच म्हणाला. रडू वगैरे काही आलं नाही मला. आधी काय झालं असेल, तर माझा उजवा हात मिटला. अंगठा आत घालून मूठ घट्ट आवळली गेली. समोरच्या बाई म्हणाल्या, "ताई, बरं वाटत नाही का?" आता त्यांना काय सांगणार… की ज्यांचा मार खाऊन मी या कर्जखात्याच्या खुर्चीत बसलेय ते आज गेले, आणि माझा तळहात अजून लपायला बघतोय.

गेलेल्या माणसाबद्दल गोड गोड लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. सरांना जाऊन आता महिना होऊन गेला. त्यांच्यावर कुणी कुणी चार ओळी लिहिल्या, 'विद्यार्थ्यांवर पोटच्या लेकरांसारखी माया केली' वगैरे. वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कसली माया! सर मारायचे. बेदम मारायचे. धुळ्याच्या आमच्या शाळेत ते वाणिज्य गणित शिकवत आणि त्यांच्या हातात कायम एक शिसवी रूळ असे, गोल, गुळगुळीत, दुकानातल्या चोपड्यांत रेघा आखायला पूर्वी असायचा तसला. त्या रुळानं त्यांनी रेघ आखलेली मी कधी पाहिली नाही. "हात पुढे कर," एवढंच म्हणायचे. मुलगा-मुलगी असला भेदभाव नव्हता. मार खाल्ला की आम्ही ओट्यावरच्या पाण्याच्या माठाला तळहात लावून उभे राहायचो. माठाभोवती नेहमी कुणी ना कुणी असायचंच.

मार कशासाठी, तर बहुतेक वेळा एकाच चुकीसाठी. व्याजाचा दर लिहिला आणि पुढे 'दरमहा' की 'दरसाल' ते लिहिलं नाही. उत्तर बरोबर आलं तरी मार. "दर लिहिला, काळ कुठाय? काळ तुझा बाप लिहील?" असं ओरडत वहीच भिरकावून द्यायचे. बोलणंही तसंच, मारझोडीचं. "कोऱ्या कागदावर सही केली त्यानं आपलं मुंडकं कापून ताटात वाढलं." "पगार झाला की आधी बाजूला काढायचं आणि उरेल त्यात खायचं. उलटं कराल तर उपाशी मराल आणि मी बघायलासुद्धा येणार नाही." "हप्ता कितीचा ते सगळे विचारतात, हप्ते किती ते कुणी विचारत नाही. मग दारात माणसं उभी राहतात." दारात उभी राहणारी ही माणसं कोण, ते आम्हाला तेव्हा कुठं ठाऊक होतं… आम्हाला फक्त रूळ ठाऊक होता.

सगळ्यात जास्त मार विलासनं खाल्ला. आठवीत दोनदा नापास होऊन तो आमच्या वर्गात आलेला, दांडगा, मिसरूड फुटलेला. त्याला उत्तर येत नसे आणि तो हातही मागे घेत नसे. सरांना त्याचा जास्तच राग यायचा. एकदा मारता मारता सरच दमले, खुर्चीत बसले, आणि विलास तसाच तळहात पुढे करून उभा. तळहात फुटला होता. नववीत तो शाळेत आलाच नाही. कुणी म्हणालं तालमीत जातो, कुणी म्हणालं जगन अण्णाकडे वसुलीला लागलाय.

हा जगन अण्णा म्हणजे आमच्या भागातला रिक्षांना पैसे लावणारा माणूस. माझ्या भावानं त्याच्याकडूनच दहा हजार घेऊन रिक्षा काढली. आधी तो बँकेत जाऊन आला होता, तिथं म्हणाले साडेबारा टक्के. अण्णा म्हणाला, "शेकडा तीन." आमच्या घरात कोण आनंद! तीन कुठं आणि साडेबारा कुठं! माय गल्लीभर सांगत सुटली, "मन्हा पोऱ्या हुशार शे, बँकले हिंग लावून इचारं नही." रिक्षाला हार घातला, पेढे वाटले. हसू नका. आज माझ्यापुढे बसणाऱ्या दहातल्या निम्म्या माणसांचा हाच हिशोब असतो. आपल्याकडे व्याज बोलायचं ते शेकड्यानं आणि महिन्याचं. 'महिन्याचं' हा शब्द कुणी उच्चारत नाही, तो गृहीत. बँक बोलते वर्षाचं, तेही गृहीत. दोन गृहीतं शेजारी शेजारी ठेवायची आणि लहान आकडा उचलून नाचत घरी यायचं.

मी दहावीत होते. वर्गात सरांनी व्याजाचं घरातलं उदाहरण विचारलं आणि मी मोठ्या ऐटीत उभी राहिले. "सर, माझ्या भावानं शेकडा तीननं कर्ज घेतलंय. बँकेपेक्षा स्वस्त." सर जवळ आले. "हात पुढे कर." रूळ बसला आणि डोळ्यांपुढे अंधार आला. दुसरा बसणार म्हणून मी डोळे मिटले, पण तो आलाच नाही. "भाऊ कुठला? सख्खा?" सरांचा आवाज बदलला होता. मी मान हलवली. "घरी असतो का या वेळेला?" भर तासाला त्यांनी चपला घातल्या आणि रूळ हातात तसाच. मी पुढे, ते मागे, अशी आमची वरात घरी निघाली.

भाऊ जेवायला बसला होता. सरांनी उभ्याउभ्याच त्याला प्रश्न विचारले. किती घेतले, दर महिन्याला काय देतोस. भाऊ म्हणाला, मुद्दलातले निम्मे फेडून झालेत, आणि व्याज महिन्याला तीनशे. "पहिल्या महिन्याला किती होतं?" "तीनशेच." सरांनी खाली बसून सरळ त्याच्या ताटातली भाकरी उचलली आणि मधोमध मोडली. अर्धी मायच्या हातात दिली. "अक्का, ही अर्धी तुमची तुम्हाला परत केली. आता याच्याकडं राहिली किती?" "अर्धी." "मग व्याज, म्हणजे भाकरीचं भाडं, कितीचं घ्याल?" माय हातातल्या तुकड्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "मंग हाऊ माणूस बठ्ठी भाकरना पैसा लेस का काय, मास्तर?" "बठ्ठी, अख्ख्या भाकरीचे! आणि तेही वर्षाला छत्तीस टक्क्यांनी. शेकडा तीन म्हणे!" आणि सरांनी रूळ असा जमिनीवर आपटला की ताट उडालं. भावाचं तोंड पांढरंफटक. त्या दिवशी आमच्या घरात कुणी जेवलं नाही.

सरांनी त्याला सांगितलं ते एवढंच : उरलेलं मुद्दल दे आणि उरलेल्या मुद्दलावरचं व्याज दे, एक पैसा वर देऊ नको. भावानं तसं अण्णाला सांगितलं. अण्णा हसला म्हणे, चहा पाजला, आणि म्हणाला, "गणित शिकून आलास वाटतं."

मग ते आले. भर उन्हात, बसस्टँडसमोरच्या रिक्षा थांब्यावर. मी शाळा सुटून भावाला डबा द्यायला गेले होते. चौघं होते. आधी सायकलची चेन काचेवर बसली, आणि भाऊ खाली उतरला तर त्याच्या पाठीवर. नंतर जबड्यावर. जबड्याचा आवाज मी ऐकला. तो अजून कधी कधी ऐकू येतो, भाकरी मोडताना… त्याला खाली पाडून लाथा घालत होते आणि थांब्यावरचे बाकीचे रिक्षावाले आपापल्या सीटवर मान खाली घालून बसले होते. मी किंचाळत होते. कुणीतरी धावत शाळेत गेलं असणार, कारण सर आले. अनवाणी. आल्या आल्या त्यांनी रूळ एकाच्या खांद्यावर असा हाणला की तो माणूस गुडघ्यावर बसला. दुसऱ्याच्या कानावर. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी इतका आनंद झाला की मी ओरडले, "मारा सर, मारा!"

दोघांनी त्यांना मागून धरलं. रूळ निसटला, डांबरावर घरंगळत गेला आणि चौथ्याच्या पायाशी थांबला. त्यानं तो उचलला. विलास होता. सरांनी त्याला ओळखलं, त्यानं सरांना. विलास जवळ आला आणि शांतपणे म्हणाला, "सर, हात पुढे करा."

सरांनी केला. धरणाऱ्यांनी करायला लावला असेल असं लोक म्हणतात. मी चार पावलांवर होते. त्यांनी आपण होऊन केला, उजवा, तळवा वर. विलासनं तो रिक्षाच्या लोखंडी दांडीवर ठेवला आणि मारत राहिला. सर ओरडले नाहीत. त्यांची बोटं दिसेनाशी झाली, रक्तच दिसत होतं. मग विलास थांबला, रूळ तसाच हातात घेऊन चालायला लागला, आणि मागोमाग बाकीचे रिक्षा घेऊन गेले.

सरकारी दवाखान्यात दोघांच्या खाटा शेजारी शेजारी. भावाचा जबडा तारेनं बांधलेला. पोलीस आले तेव्हा सरांनी अण्णाचं नाव सांगितलं, विलासचं नाही. "गर्दीत दिसलं नाही," म्हणाले. मी तिथंच उभी होते, तोंड उघडलं तर सरांनी असं काही बघितलं की दातखीळ बसली. पोलीस गेल्यावर मी रडत भांडले त्यांच्याशी. "का वाचवलंत त्या नालायकाला?" सरांनी छताकडं तोंड फिरवलं. मग म्हणाले, "मारणं त्याला मीच शिकवलं. बाकीचं काही शिकवता आलं नाही." पुढं या विषयावर ते कधीही बोलले नाहीत.

प्लास्टर घालूनच ते वर्गात आले. डाव्या हातानं फळ्यावर लिहायला लागले, बालवाडीतल्या पोरासारखं वेडंवाकडं. रूळ नव्हता. नवा आणला नाही. ओरडणं तेवढंच, पण 'हात पुढे कर' हे शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकले नाहीत. आणि आम्हा पोरापोरींना त्यांनी घरचा अभ्यास दिला : थांब्यावरच्या एकेका रिक्षावाल्याकडं जायचं, त्यानं किती घेतले, किती दिले, ते विचारून उरलेल्या मुद्दलावरचं व्याज काढून द्यायचं. 'दरमहा' आणि 'दरसाल' दोन्ही लिहून. मान खाली घालून बसलेली तीच माणसं आमचे कागद बघून चवताळली. सगळ्यांनी मिळून अण्णाचं दार गाठलं. एकाला मारता येतं, अख्ख्या थांब्याला कसं मारणार? भावाची रिक्षा परत आली, काच फुटलेली, हार वाळून तसाच लटकलेला. उरलेलं मुद्दल त्यानं फेडलं, वर एक पैसा नाही. आजही तो रिक्षाच चालवतो. थंडीत त्याचा जबडा दुखतो आणि सरांची तीन बोटं शेवटपर्यंत मिटली नाहीत. फुकट काही मिळालेलं नाही आम्हाला.

सरांच्या तेराव्याला मी एस.टी.नं धुळ्याला गेले. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, मला आपली तीच एक बडबड सुचत होती, की आता मी दर लिहिताना काळ विसरले तर मला विचारणार कोण. घरात काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, मला स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि पापडाच्या पाटावरून काहीतरी उचलून समोर धरलं. तो रूळ! शिसवी, गुळगुळीत, उडदाच्या पिठानं पांढरा झालेला. "ह्यानंच लाटते मी पापड. किती वर्षं झाली," काकू म्हणाल्या. त्यांनीच सांगितलं, त्या मारामारीनंतर विलास एका सकाळी घरी आला होता. रूळ सरांपुढं ठेवून तळहात पुढे करून उभा राहिला. 'मारा,' म्हणाला. सर म्हणाले, "इतकी वर्षं मारून तुला काय आलं? बस खाली. शेकडा तीन म्हणजे वर्षाला किती?" त्याला आलं नाही. मग तो दर रविवारी येत राहिला आणि सर त्याला डाव्या हातानं शिकवत राहिले. अण्णाचं काम त्यानं सोडलं, पारोळा रस्त्याला वेल्डिंगचं दुकान टाकलं. "त्या दिवशी यांना खांदा द्यायला तोच पुढे होता," काकू म्हणाल्या. "ने तू हा. माझ्यानं आता पापड होत नाहीत."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सरांनी त्याला माफ केलं असेल, तो त्यांचा प्रश्न. मी केलेलं नाही. माझ्या भावाचा जबडा काही त्यानं रविवारी येऊन सांधला नाही. मी रूळ घेऊन तरातरा बाहेर आले, आणि दारात चपलांच्या ढिगापाशी विलासच. केस पिकलेले, हातांवर ठिणग्यांचे डाग. रस्त्यापलीकडं भाऊ रिक्षा चालू करून माझी वाट बघत होता. विलासनं मला ओळखलं की नाही कोण जाणे, रूळ मात्र ओळखला. त्याचा उजवा हात पुढे आला, तळवा वर. माझी मूठ रुळावर आवळली. इतकी आवळली की खांद्यापर्यंत कळ गेली. मारला असता मी. देवाशपथ मारला असता… पण तो तळहात समोर तसाच होता, जुने व्रण असलेला, आणि मला शाळेच्या ओट्यावरचा माठ आठवला, त्याला शेजारी शेजारी टेकलेले आम्हा सगळ्यांचे तळहात.

"धर जरा," मी म्हटलं आणि रूळ त्याच्या हातावर ठेवला. "मला चप्पल घालायचीये."

त्यानं तो दोन्ही हातांनी धरला. चप्पल घालून झाल्यावर मी परत मागून घेतला.