तिसऱ्या नंबरचा प्लग

जुन्या चुका लिहायला बसलेली माणसं पहिल्या पानावर चूक कबूल करतात आणि दुसऱ्या पानावर स्वतःलाच माफ करून मोकळी होतात. मला त्या माणसांची चीड येते. मी जे केलं ते पूर्ण शुद्धीवर, भर दुपारी, हात स्वच्छ पुसून केलं.

जळगाव जामोदला स्टँडच्या थोडं पुढं माझं गॅरेज आहे. तिथं चाचा माझ्याकडं कामाला होते. खरं तर मीच आधी त्यांच्याकडं होतो, अठरा वर्षांचा असल्यापासून. पाना धरायचा कसा इथपासून सगळं त्यांनी शिकवलं. पुढं जागा मी घेतली, बोर्ड माझा लागला आणि उस्ताद माझे नोकर झाले. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. मलाच वाटायचं, कारण गिऱ्हाईक दारात गाडी लावून आधी विचारायचं, ‘चाचा कुठी हायेत?’

चाचांचं वय झालं होतं. उजवा हात थोडा थरथरायचा. ते स्वतःच म्हणायचे, ‘ज्या दिवशी हात चुकन ना, त्या दिवशी मी पाना खाली ठेवीन. कोणाचा जीव घ्याचा नाही मले.’ म्हणून त्यांनी एक शिस्त लावून घेतली होती. घरून लाल नेलपॉलिशची बाटली आणायची, आणि इंजिनातला स्पार्क प्लग पूर्ण कसला की त्याच्या शेजारी एक ठिपका द्यायचा. प्लग खोलला की आधी ठिपका खरवडायचा. ठिपका नाही म्हणजे प्लग कसलेला नाही, मग डोकं काहीही म्हणो. आम्ही नेलपॉलिशवरून त्यांची भरपूर टिंगल केली. ते हसायचे आणि ठिपका द्यायचेच.

त्या वर्षी मी स्कॅनर घेतला. गाडीला वायर जोडली की पडद्यावर आकडे येतात, इंजिनात हवा किती, पेट्रोल किती, सगळं दिसतं. मी तो दिवसभर गळ्यात घेऊन फिरायचो. त्याच आठवड्यात एक व्हॅनवाला आला. सातपुड्याच्या घाटातून प्रवासी वाहायचा. चढावर गाडी दम टाकते, पेट्रोल जास्त खाते, अशी तक्रार. स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणाला, मिश्रणात हवा जास्त, म्हणून गाडीतला कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतोय. मी जाहीर केलं की ऑक्सिजन सेन्सर गेला, चुकीचं सांगतोय, बदलायचा.

चाचांनी न विचारता चारही प्लग खोलले आणि फडक्यावर ओळीनं मांडले. तीन काळेकुट्ट, काजळी धरलेले. तिसऱ्या नंबरचा पांढरा फटक.

‘सेन्सर बराबर हाये,’ ते म्हणाले. ‘तीन नंबरले पेट्रोल फवारते तो इंजेक्टर चोकप हाये. त्याले पेट्रोल भेटूनच नाही राह्यलं.’

‘स्कॅनर तसं म्हणत नाही, चाचा.’

‘तो काऊन म्हणन बे? सेन्सर बसला एक्झॉस्टच्या पाइपात, जिथी चौघांचा धूर एक होते. चार जणांची उष्टी ताटं एकाच बादलीत टाकली, तर उपाशी कोण उठलं हे बादलीले काय समजन? त्याले एवढंच दिसते का हवा उरली. मंग तो चौघांलेही वाढते. तिघांले अजीर्ण, आन् हा उपाशीच. लय तापला हा. चढावर पिस्टन जाळन.’

इतकं सोपं करून मला कुठल्याच कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. ते बरोबर आहे हे मला तिथल्या तिथं कळलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. पाच-सहा माणसं उभी होती, चहावाला धरून.

मी म्हणालो, ‘चाचा, हे तुमच्या काळचं कार्ब्युरेटर नाही, की नाकानं वास घेतला अन् स्क्रू पिळला. जमाना बदलला. तुम्ही आपले ठिपके लावा.’

लोक दात काढून हसले. व्हॅनवालाही हसला. चाचांनी चारही प्लग साफ केले, परत कसले, चार ठिपके दिले आणि हात धुवायला गेले. मी नवा सेन्सर टाकून गाडी रवाना केली.

आठ दिवसांनी व्हॅन दुसऱ्या गाडीला दोर बांधून आली. घाटात चढावर इंजिन फुटल्यासारखा आवाज झाला, निळा धूर निघाला आणि गाडी बसली. प्रवाशांना काही झालं नाही. व्हॅनवाला तोंडाला येईल ते बोलत समोरच्या टपरीवर चहाला गेला. शुक्रवार होता, चाचा नमाजला गेले होते. गॅरेजात मी एकटा.

तिसरा प्लग खोलायला दोन्ही हातांचा जोर लागला, इतका घट्ट होता. बाहेर आला तो टोकाला वितळलेला. आत पिस्टनला भोक पडलेलं असणार हे उघड होतं. म्हातारा अक्षर न् अक्षर खरा निघाला होता.

तेव्हा मला भीती वाटली असती तरी एक वेळ ठीक होतं. माझा तर संताप झाला. आता हे गाव वर्षभर हसणार, आणि हसं माझं होणार. शिवाय चाचा काही बोलणार नाहीत, नुसते माझ्याकडं पाहतील, हे त्याहून वाईट.

मी थिनरचं फडकं घेतलं आणि तिसरा ठिपका पुसला. तीन तसेच ठेवले. मग तो जळका प्लग नुसता बोटांनी दोन आटे फिरवून परत बसवला, सैल. सैल प्लगही तापतो, पिस्टन जाळतो, हे कोणताही मिस्त्री सांगेल. हात पुसले आणि टपरीवरच्या व्हॅनवाल्याला हाक मारली.

चाचा आले. टोपी अजून डोक्यावर होती.

‘तुम्हीच खोला चाचा,’ मी म्हणालो. ‘मी हातच नाही लावला.’

त्यांनी पाना लावला. पान्याची गरजच पडली नाही, प्लग बोटांनी फिरला. ते थांबले. वाकून शेजारी पाहिलं, अंगठ्यानं ती जागा चोळली. बाकीचे तीन ठिपके पाहिले. मग परत ती मोकळी जागा. त्यांना आठवत असणार, चारही कसले होते ते. पण त्यांनी स्वतःच्या आठवणीवर कधी भरवसा ठेवलाच नव्हता, ठिपक्यावर ठेवला होता.

व्हॅनवाला म्हणाला, ‘काय म्हातारपणी लोकांचे जीव घेता राजेहो.’

‘हाव,’ चाचा म्हणाले. ‘माह्याच हातून राह्यलं.’

मी म्हणालो, ‘जाऊ द्या चाचा, होतं वयात.’ हे मी म्हणालो. मोठ्या मनानं, सगळ्यांसमोर.

त्यांनी पाने पुसून कपाटात लावले आणि घरी गेले. परत आले नाहीत. इंजेक्टर मी दुसऱ्या दिवशी शटर अर्धं ओढून बदलला. गावात मीच चांगला ठरलो, म्हाताऱ्याला शब्दानंही बोललो नाही म्हणून.

ईदला त्यांच्या घरी गेलो. न जाणं दिसलं असतं. त्यांची सून सांगत होती, अब्बा आता घरातल्या कशालाच हात लावत नाहीत. गॅसचं बटण बंद केलं की तिला बोलावतात, तू पाह्य म्हणतात, मग परत बोलावतात. नातवाची सायकल सैल झाली तर त्याला दुसऱ्याकडं पाठवतात. चाचा पलंगावर बसून ऐकत होते, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

सून आत गेल्यावर ते माझ्याकडं सरकले.

‘एक गोष्ट लय चांगली केली तू,’ ते म्हणाले. ‘तो प्लग मलेच खोलाले लावला. तो सैल हाये असं तू सांगतलं असतं ना, तर मी नसतं मानलं बे. वाटलं असतं, हा खोटं बोलून राह्यला. तुह्याबद्दल मनात पाप आलं असतं माह्या.’

मी मान हलवली. शिरखुर्मा आणखी घे म्हणाले, तर घेतला.