आतली शिवण

मुंबईच्या सहार विमानतळावर आप्पांनी, माझ्या वडिलांनी, माझी बॅग ट्रॉलीवर चढवली आणि म्हणाले, "परमनंट नोकरी सोडून कपडे बघायला कोण जातं?"

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. पुण्यात मुलींच्या एका कॉलेजात मी वेशभूषेचा इतिहास शिकवायचे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे पॅरिसचे गाऊन म्हणजे माझा जीव की प्राण. पुढून सपाट, मागे कमरेखाली उशीसारखा फुगवटा आणि त्यावरून ओघळणारं रेशीम. इंग्लंडहून पॅरिसला गेलेल्या एका कारागिरानं राण्यांनाही आपल्या मनासारखे कपडे घालायला लावले. आत कमरेला स्वतःचं नाव विणलेली फीत शिवली. शिंप्याचा डिझायनर झाला तो तिथून. हे सगळं मी पुस्तकातल्या फोटोंवरून सांगायचे. पण फोटोत गाऊन बाहेरूनच दिसतो. चोळी ताठ ठेवणाऱ्या हाडाच्या पट्ट्या आत कुठे बसवल्यात, एवढं वजन कमरेवर कसं पेललंय, हे आतून बघितल्याशिवाय कळत नाही.

दुबईच्या बर दुबई भागात बुटीक चालवणाऱ्या एका सिंधी मॅडमनी इंटरव्ह्यूत सांगितलं, दरवर्षी तुला पॅरिसला नेईन, तिथल्या म्युझियममध्ये ओळख आहे, गाऊन हातात घेऊन बघ. त्या एका वाक्यावर मी निघाले.

बुटीकजवळच्या अल मनखूल वस्तीत तिघींत एक खोली मिळाली. मॅडम दर उन्हाळ्यात पॅरिसला जायच्या. एकदा माझ्या व्हिसाचं कारण निघालं, एकदा लग्नाच्या सीझनचं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "इन्शाल्ला, अगले साल." येताना फोटो आणायच्या आणि तसलेच गाऊन माझ्याकडून कापून घ्यायच्या. आप्पांना मी फोनवर सांगायचे, यंदा नक्की. पुढेपुढे त्यांनी विचारणं सोडलं.

मग एका हॉटेलात पॅरिसहून ते गाऊन प्रदर्शनाला आले. शुक्रवारी सुट्टी होती, प्रदर्शन उघडायच्या आधीच मी दारात. जांभळ्या मखमलीचा एक गाऊन काचेमागे होता, माझ्यापासून हातभर. तिथल्या फ्रेंच बाईंना मी विचारलं, आतून बघता येईल का? त्यांनी माझं कार्ड वाचलं, टेलरिंग असिस्टंट. मग शांतपणे म्हणाल्या की ते फक्त अभ्यासकांना दाखवतो, कॉलेजचं पत्र लागतं.

कॉलेजचं पत्र. पुण्यात एका अर्जावर मिळालं असतं.

शनिवारी मॅडम हसत म्हणाल्या, "देखा? पॅरिस खुद आ गया तेरे लिए." मी कात्री खाली ठेवली आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. दुपारी परत कटिंग टेबलाशी उभी राहिले. जाणार कुठे?

त्या वर्षी सुट्टीत पुण्याला गेले. माझ्या जागेवर माझीच विद्यार्थिनी शिकवत होती. तिनं उठून मला खुर्ची दिली. घरी वहिनीनं पाहुण्यांचा टॉवेल काढला आणि बाटलीतलं पाणी आणून ठेवलं, "ताई, तुम्हाला नळाचं बाधेल." तिचं काही चुकलं नाही. मी मात्र माठापर्यंत गेले आणि ग्लास कुठे ठेवतात तेच आठवेना.

पुण्यातले सगळे विचारतात, परत कधी येणार. दुबईतलं घर व्हिसाबरोबर संपतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पुण्यातलं कधी संपलं, ते कुणी सांगितलंच नाही.